शेवटच्या ओळीचा ठसा

९ नोव्हेंबर, रविवार. मावशी, तुमच्या अभ्यासाच्या खोलीतलं कपाट आज रिकामं करायला घेतलं. निखिलने किचन आणि गराज स्वतःकडे ठेवलं आणि कागद माझ्यावर सोपवले. "ज्योतीताई, आईचं मराठी हँडरायटिंग मला वाचता येत नाही. मी काहीतरी इम्पॉर्टंट रिसायकलमध्ये टाकीन," म्हणाला. टाकलंच असतं. उद्या दुपारच्या फ्लाइटने तो फ्रिस्कोला आपल्या घरी परत जातोय. ताम्रपट त्याच्या हँडबॅगेतून जाणार आणि डिसेंबरात तो स्वतः भारतातल्या संग्रहालयाला नेऊन देणार. वकिलातीची पत्रं, संग्रहालयाचं पत्र, तुम्ही केलेलं वाचन, सगळं एका फाइलला लावून तयार आहे. तेव्हा माझ्या हातात आजचा दिवस आहे.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. लोक अजून डबे आणतायत. फ्रीजमध्ये तीन घरचे छोले आहेत. तुम्हाला छोले आवडत नव्हते हे इथे कुणालाच माहीत नाही, कारण तुम्ही सगळ्यांकडे ते न बोलता खाल्लेत.

कागदांचे मी तीन ढीग केले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. तिसरा ढीग तुम्ही आयुष्यात कधी केला नव्हता असं दिसतं. हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्या दिवशीचं पार्किंगचं तिकीटसुद्धा सापडलं.

आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना तुम्ही पॅथॉलॉजिस्ट होतात हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तुम्ही ताम्रपटवाल्या मावशी. इथल्या बॉथेलच्या लायब्ररीत तुम्ही दिलेलं भाषण मला नीट आठवतं. अकरा माणसं आणि दोन कंटाळलेली मुलं. तुम्ही वहीच्या पानाएवढा तो काळा-हिरवा पत्रा टॉवेलावर ठेवलात आणि प्रस्तावना न करता सुरुवात केलीत.

"हे दानपत्र आहे. हजारेक वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका राजाने एक गाव दान दिलं, त्याचा हा दस्तऐवज. ताडपत्र कुजतं, म्हणून तांब्यावर. असे तीन पत्रे होते. या भोकातून कडी घालून ओवलेले, कडीवर राजाची मुद्रा. माझ्या सासरच्या देवघरात त्यातला हा शेवटचा तेवढा उरला. मी अमेरिकेला निघाले तेव्हा सासूबाईंनी माझ्या बॅगेत टाकला. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं."

मागून सतीशने विचारलं, "पण मावशी, प्रॅक्टिकली याचा आज उपयोग काय?"

"तुझ्या घराच्या खरेदीचे, ते क्लोजिंग पेपर्स कुठे ठेवलेस रे?"

"बँकेत. लॉकरमध्ये."

"का?"

सतीश हसला. "ओके, कळलं."

"तुझ्यात आणि त्या दान घेणाऱ्या ब्राह्मणात फरक एवढाच, की त्याला मॉर्गेज नव्हतं."

मग तुम्ही खरी अडचण सांगितलीत. राजाचं नाव आणि त्याचा वंश पहिल्या पत्र्यावर असतो. तो हरवला. शेवटच्या पत्र्यावर काय, तर गावाच्या चतुःसीमा, दान मोडणाऱ्याला शाप, आणि अगदी खाली पट लिहिणाऱ्याचं किंवा कोरणाऱ्याचं नाव. कडीही नाही, मुद्राही नाही. मुद्रा असती तर एका नजरेत निकाल होता. वराह असेल तर कल्याणीचे चालुक्य, सिंह असेल तर गोव्याचे कदंब. ती नाही म्हणून नऊ वर्षं भांडण. तुम्ही अक्षरांच्या वळणावरून म्हणत होतात चालुक्य, आणि धारवाडचे तुमचे प्राध्यापक म्हणत होते कदंब. दोघांचे व्हॉइस मेसेज मी तुमच्या किचनमध्ये भाजी चिरता चिरता ऐकले आहेत.

"त्यांना कदंबच दिसणार," तुम्ही फोन खाली ठेवून म्हणायचात. "बायकोचं माहेर गोव्याचं आहे."

माझं तुमच्याशी भांडण वेगळं होतं. ते आपण नदीकाठच्या ट्रेलवर चालताना करायचो. मी म्हणायचे, राजाने गाव दिलं, पण गावाला विचारलं का?

"तुझ्या बॅकयार्डमधून सिटीची पाइप जाते. तुला विचारलं का?"

"पेपरवर सही घेतलीय माझी."

"मग इथेही गावातले प्रमुख साक्षीला आहेत. वाच जरा."

"आणि तो शाप? दान हिसकावणारा साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होतो. म्हणजे हिसकावणारे होते."

"असणारच! तुमच्या कंपनीत ऑडिट नसेल तर तूसुद्धा काय काय करशील."

एकदा तुम्ही ट्रेलवर थांबून तुमच्या घराच्या चतुःसीमा त्या पटाच्या चालीवर सांगितल्या होत्यात. पटात पूर्वेला काळा खडक, दक्षिणेला कुंभाराचं तळं, पश्चिमेला जोडवड, उत्तरेला वारूळ. सगळा मजकूर संस्कृत, आणि सीमांपाशी आलं की एकदम कन्नड, कारण खडक आणि तळं कुठलं ते गावच्या माणसाला कळायला हवं. तुमचं माहेर बेळगावचं, त्यामुळे तेवढ्या चार ओळी तुम्हाला कोशाशिवाय वाचता आल्या आणि त्याचा तुम्हाला भयंकर अभिमान होता. तुमच्या घराला पूर्वेला मेलबॉक्स, दक्षिणेला सीडरचं झाड, पश्चिमेला ट्रेल, आणि उत्तरेला शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन. "हजार वर्षांनी कुणीतरी प्रबंध लिहील," म्हणालात, "ट्रॅम्पोलिन हे कोणतं देवस्थान."

तो वाद आपला मिटला नाही. माझं अजून तेच म्हणणं आहे. गावाला विचारायला हवं होतं.

तुमची वाचायची पद्धत मला आवडायची, हे मी कधी बोलले नाही. आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली स्लाइड्स वाचलेली बाई पत्राही तसाच वाचत होती. डावीकडून उजवीकडे, एक सेंटीमीटर, थांबायचं, पुन्हा मागे. जे दिसत नाही तिथे सरळ 'अनिश्चित' लिहायचं. प्राध्यापक म्हणायचे, "डॉक्टर, संदर्भावरून अक्षर लावून टाका की." तुम्ही म्हणायचात, "संदर्भावरून मी कुणाला कॅन्सर दिला नाही आणि संदर्भावरून काढूनही घेतला नाही."

मला हे ठाऊक होतं, कारण माझ्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा मी तो घेऊन तुमच्याकडेच आले होते. तुम्ही रिपोर्ट वाचून बाजूला ठेवलात आणि म्हणालात की हे दुसऱ्याचे शब्द आहेत, मला स्लाइड्स बघू दे. चार दिवस फोन करून त्या मागवल्यात, जुन्या सहकाऱ्याच्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्यात, आणि पार्किंग लॉटमध्ये माझ्या गाडीत बसून सांगितलंत, "काही नाही. घरी जाऊन भात लाव." मी जाऊन भात लावला. कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी आणखी दोघांना विचारलं असतं.

आता दसऱ्याचं लिहिते. हे लिहायचं म्हणूनच मी बाकीचं लिहीत बसले आहे.

चार वर्षांपूर्वी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही तीन आठवडे रिहॅबमध्ये होतात. घराची किल्ली माझ्याकडे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे आले. दसऱ्याला देवाची उपकरणी काळी राहिलेली मला चालत नाहीत. नागपूरला आमच्याकडे आई आदल्या दिवशी चिंच भिजत घालायची आणि आम्हा बहिणींना नळापाशी बसवायची. तुमचं ताम्हण, पळी, पंचपात्र, समई, सगळं घासलं. पट डायनिंग टेबलावर टॉवेलात होता आणि त्यावर शाईचे डाग पडले होते. ऑपरेशनच्या आधी तुम्ही घाईघाईने ठसा घेत होतात हे मला माहीत होतं. ओला कागद पत्र्यावर पसरायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांत बसवायचा, वरून शाईची पुरचुंडी टिपत जायचं, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. मला वाटलं, शाई झिरपलीय, मावशी परत आल्यावर त्यांना सिंकपाशी उभं राहून घासता येणार नाही. अक्षरं तर तांब्यात कोरलेली आहेत. तांबं घासल्याने ती कशी जातील?

चिंच, मीठ आणि घासणीची हिरवी बाजू. वीस मिनिटं लागली. पत्रा नव्या ताम्हणासारखा निघाला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि फोटो काढून तुम्हाला पाठवला.

तुमचं उत्तर आलं, "छान."

घरी आल्यावर तुम्ही वॉकर धरून त्या टेबलापाशी बराच वेळ उभ्या होतात. मी विचारलं, पाय दुखतोय का. तुम्ही म्हणालात, "चहा टाक." आठवड्याने टेबलावर एक चिठ्ठी आली, तुमच्या अक्षरात: पटाला हात लावू नये. त्याआधी तशी चिठ्ठी कधी नव्हती.

मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीचं काम करते. बॅच बिघडली की कोणत्या दिवसानंतर काय बदललं हे शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ती चिठ्ठी कोणत्या दिवसानंतर आली हे मला न कळण्यासारखं नव्हतं. पुढे एकदा तुमच्या फोनवर प्राध्यापकांचा मेसेज वाजत होता: "जुन्या तांब्यावर थर चढतो, डॉक्टर, कडेला पुष्कळदा अक्षर तांब्यात राहतच नाही, त्या थरात तेवढं राहतं, म्हणून घासायचं नाही..." तुम्ही मेसेज मध्येच पुढे ढकललात आणि मला विचारलंत, कोथिंबीर संपली का. मी म्हटलं, संपली. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही वाचन पुरं करायला घेतलंत. दर रविवारी दहा वाजता तुम्ही सांगायचात आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. तीस पानं झाली. सत्ताविसाव्या पानावर तुम्ही सांगितलंत, "शेवटची ओळ पूर्वीच झिजून नष्ट झाली असून तिचा ठसा उपलब्ध नाही."

मी थांबले. "पूर्वीच म्हणजे कधी?"

"पूर्वी म्हणजे पूर्वी."

"आमच्याकडे असं वाक्य पास होत नाही, मावशी."

"तुमच्याकडे औषधं बनवतात. लिही."

मी लिहिलं. तुम्ही माझ्याकडे पाणी मागितलंत. भरलेला ग्लास तुमच्या हाताशीच होता.

त्याच्याच खाली तुम्ही आणखी एक वाक्य घातलंत: पट चालुक्यांचा की कदंबांचा हे निश्चित करता येत नाही. याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. नऊ वर्षं भांडल्यावर? "म्हातारी झाले," म्हणालात. "आता भांडायचा कंटाळा येतो." ते मी खरं मानलं. म्हातारी माणसं थकतात, आणि तुम्ही तेव्हा किमो घेत होतात.

आज दुपारी तीनच्या सुमाराला 'गुडघा' असं लिहिलेली फाइल हाती आली. टाकायच्या ढिगाकडे नेता नेता उघडून पाहिली, सवयीने. डिस्चार्जचे कागद, व्यायामाची चित्रं, आणि त्यांच्यात एक्स-रेचं मोठं तपकिरी पाकीट. त्यात ठसा होता.

तुम्ही स्लाइडला लावायचात तसंच त्याला कोपऱ्यात पेन्सिलीने लेबल केलेलं आहे. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीची तारीख. 'ठसा ४. खालची कड. घाईत.' घाई दिसते. शाई एकीकडे दाट झाली आहे, कागद एका ठिकाणी फाटला आहे. पण शेवटची ओळ आहे. अर्धी पुसट, अर्धी स्वच्छ. आणि तिच्याखाली नंतर कधीतरी, शांतपणे, दुसऱ्या पेन्सिलीने लिहिलेलं तुमचं वाचन: 'कोरणारा केतोज. पहिलं अक्षर अनिश्चित. बाकी स्वच्छ.' नावामागचं ते 'ओज' कारागिरांना लागायचं हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्याच्याही खाली एक ओळ आहे: 'चालुक्यांच्या दुसऱ्या एका पटावर हेच नाव? प्राध्यापकांना विचारणे.'

विचारलं नाहीत. कामं झाली की तुम्ही पुढे बरोबरची खूण करायचात, ती इथे नाही. विचारायचं तर ठसा दाखवावा लागला असता, आणि ठसा दाखवला असता तर त्यावरची तारीख. मग त्यांनी विचारलं असतं, ऑपरेशनच्या आधी ओळ होती आणि आता नाही, मधल्या काळात तुमच्या घरात काय झालं?

मी जमिनीवर बसून होते. निखिल गराजमधून टेप मागायला आला आणि माझ्याकडे पाहून दारातच थांबला.

"व्हॉट हॅपन्ड?"

मी त्याला सगळं सांगितलं. दसरा, चिंच, पान सत्तावीस. त्याने ठसा उजेडात धरून पाहिला. मग एका पॅक केलेल्या खोक्यावर बसला.

"म्हणजे आईने खोटं लिहिलं?"

"हो."

"तुझ्यासाठी."

"हो."

"मग राहू दे ना, ज्योतीताई. तिला तसंच हवं होतं. आता तू हे पाठवलंस तर लोक काय म्हणतील? एक वाक्य खोटं निघालं, तर बाकीच्या तीस पानांचं काय?"

मावशी, तुमचा मुलगा तुमच्यावर गेलाय. हा प्रश्न मी कामावर रोज दुसऱ्यांना विचारते. तुमची नऊ वर्षं त्या तीस पानांत आहेत. तिकडच्या लोकांच्या दृष्टीने तुम्ही एक हौशी बाई, अमेरिकेत बसून वाचणारी. त्यांना शंका घ्यायला एवढं पुरेल.

"तिचं नाव खराब होईल," निखिल म्हणाला.

"होईल थोडं," मी म्हटलं. "पण पट जगात एकच, आणि त्या माणसाचं नाव त्यावरून मी घालवलं. ते फक्त या कागदावर उरलंय."

"तो हजार वर्षांपूर्वी मेलाय, यार."

"म्हणून तर. त्याच्या वतीने दुसरं कोण बोलणार?"

त्याने ठसा परत माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "कोणतं वाक्य खोटं, का आणि कुणामुळे, हे त्याच पानावर लिहून देऊ. बाकीची पानं पट समोर ठेवून कुणीही तपासावीत. टिकतील."

"आणि नाही टिकली तर?"

"तर ती चुकलेली असतील. तिने इतक्या ठिकाणी 'अनिश्चित' उगीच लिहिलेलं नाही."

"तू तिच्यापेक्षा वर्स आहेस," तो म्हणाला आणि टेप घेऊन गेला. पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "ओके. पण लिहिशील ते मला आधी दाखव."

आता संध्याकाळ झाली आहे. खोकी भिंतीला लावून झाली. मी तुमच्याच टेबलाशी बसून हे लिहिते आहे, आणि मला तुमचा राग आलाय हे सांगून टाकते.

तुम्ही मला सांगायला हवं होतंत. काय झालं असतं? मी रडत बसले नसते. मी विचारलं असतं, आता उपाय काय. आणि उपाय होता, एक्स-रेच्या पाकिटात होता. त्या रविवारीच प्राध्यापकांना फोन केला असता, दोघांनी नाव जुळवलं असतं, आणि तुम्ही बरोबर की चूक हे तुम्हाला जिवंतपणी कळलं असतं. ज्योतीला हे झेपणार नाही, असं तुम्ही परस्पर ठरवलंत. सतरा वर्षं ओळखत होतात मला. माझी स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय तुम्ही बोलला नव्हतात, आणि इथे मात्र मला न विचारता निदान करून मोकळ्या झालात.

हे झालं रागाचं. दुसरं असं, की माझ्यासाठी कुणी कधी इतकं मोठं काही सोडलेलं नाही. माझ्या आईनेसुद्धा नाही, आणि तिने पुष्कळ सोडलं. तुम्ही चालुक्य सोडलेत. व्हॉइस मेसेजवर प्राध्यापकांचा आवाज चढला की तुमच्या डोळ्यांत येणारी चमक मी पाहिली आहे. ती बाई एका घासणीसाठी गप्प बसली, आणि चार वर्षं माझ्या हातचा चहा पीत राहिली. एकदाही टोमणा नाही. टोमणे मारण्यात तुमचा हात धरणारा बॉथेलमध्ये कुणी नव्हता, तरी नाही.

त्या दसऱ्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. पहिल्या वर्षी त्यात थोडी अपराधाची बोच होती, हे आता लिहायला हरकत नाही. पुढे ती गेली. पुढे मी येत होते, कारण दहा ते बारा कुणीतरी माझ्याशी मन लावून भांडत होतं.

तुम्ही मला दिलेलं ते संरक्षण मी परत करते आहे. तुमच्या पटातला शाप आज पुन्हा नीट वाचला. दिलेलं हिसकावणाऱ्याला तो लागतो. परत करणाऱ्याबद्दल त्यात काही नाही.

आणि माफी मागायची राहिली. मला वाटत होतं, चूक दुरुस्त कशी करायची हे नीट ठरलं की मग मागू. पट मी खराब केला, मावशी. मला माफ करा.

१० नोव्हेंबर, सोमवार. पहाटे साडेपाचला उठून लॅपटॉपवरची फाइल उघडली. सत्ताविसाव्या पानावरची ती दोन्ही वाक्यं मी पुसली नाहीत. ती तशीच ठेवून त्यांच्यावर रेघ मारली, म्हणजे आधी काय होतं तेही वाचता येईल, आणि खाली नवं लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला माझ्या हातून उतरलं, 'पट अनवधानाने घासला गेला.' असं वाक्य कामावर कुणी पाठवलं तर मी परत पाठवते आणि विचारते, कुणी घासला? ते खोडलं. मग लिहिलं: दसऱ्याच्या आदल्या दिवशी पट मी चिंच, मीठ व घासणीने घासला. त्यामुळे शेवटची ओळ नष्ट झाली. डॉक्टरांनी आदल्या महिन्यात घेतलेला तिचा ठसा व त्याखालील त्यांचं वाचन सोबत आहे. वरील दोन वाक्यं त्यांनी मला सांभाळून घेण्यासाठी घातली होती. कोरणाऱ्याचं हे नाव चालुक्यांच्या दुसऱ्या पटावर आहे का, हे कृपया तपासावं. त्यांना ते जाणून घ्यायचं होतं. खाली माझं पूर्ण नाव, फोन, सही.

आठला स्कॅनिंगचं दुकान उघडलं. नवं पान छापून घेतलं आणि ठशाच्या दोन प्रती काढून घेतल्या, एक प्राध्यापकांसाठी. मूळ कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, कडा टेपने बंद करून निखिलकडे गेले. ऑफिसला कळवलं होतं, अकराला येते.

तो बॅग बंद करून दारात उभा होता. मी दिलेलं पान त्याने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं, ओळीखाली बोट धरून, पुटपुटत, दुसरीतल्या मुलासारखं. मध्येच थांबला.

"घासणी म्हणजे काय?"

"स्क्रबर. हिरवा असतो तो."

त्याने पुन्हा वाचलं. मग हसायला लागला, बारा-तेरा दिवसांत पहिल्यांदा, दाराच्या चौकटीला टेकून, पान छातीशी धरून. "तू खरंच लिहिलंयस," म्हणाला. "ऑफिशियल डॉक्युमेंटमध्ये. स्क्रबर."

"मग काय लिहू? घासला तर घासणीनेच ना."

डोळे पुसून त्याने पान फाइलमध्ये लावलं, जुन्या सत्तावीसच्या जागी. पुठ्ठा काखेत घट्ट धरला, आणि त्याला एअरपोर्टवर सोडायला मी गाडी काढली.